जमिनीपासून चौदा फूट

१

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास सांडपाण्याचा पाइप चरात उतरत असताना, ज्याला सगळे फूटपट्टी म्हणत तो जोडारी मेला, आणि बुधवारी सकाळी दहाच्या आत त्याच्या मरणाचा निकालही लागून गेला. मशीनवाल्याने मशीनचा बूम नको तेवढा वर नेला, बूम विजेच्या तारेला लागला आणि पाइपाला हात लावून उभा असलेला जोडारी जागच्या जागी गेला. मशीनवाला कोठडीत होता, कागद तयार होते. सुरक्षा निरीक्षकाची सही तेवढी राहिली होती. ती करायला बाई आल्या होत्या.

बाई या खात्यात एकवीस वर्षं होत्या. खात्यातले लोक त्यांना पाठीमागे शंकाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता. एकवीस वर्षांत त्यांनी असे पुष्कळ कागद पाहिले होते, आणि बहुतेकांवर शेवटी एकच शब्द असायचा: निष्काळजीपणा. तो नेहमी सगळ्यात कमी पगार असलेल्या माणसाचा निघायचा, याचं बाईंना आता आश्चर्य वाटत नसे. राग मात्र अजून यायचा.

"बाई, उघड आहे सगळं," साइट इंजिनियर म्हणाला. तिशीच्या आतबाहेरचा, पांढरं हेल्मेट, त्यावर चिखलाचा एक ठिपका नाही. "ही कमान बघा. एवढी सोय करून दिली तरी माणसाने डोळे मिटून मशीन चालवलं तर आपण काय करणार?"

कमान म्हणजे दोन उंच बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी. दोरीला लाल चिंध्या. वरून विजेची तार जात असली की तिच्या अलीकडे अशी कमान उभी करतात. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला डोक्यावरची तार दिसत नाही, चिंध्या दिसतात. मशीनचा लांब हात, म्हणजे बूम, चिंध्यांच्या खाली ठेवायचा. एवढं पाळलं की माणसं संध्याकाळी घरी जातात.

बाईंनी टेप लावून घेतली. दोरी जमिनीपासून बरोबर चौदा फुटांवर होती. तार बावीस फुटांवर, असं पंचनाम्यात वीज कंपनीने मोजून दिलेलं होतं.

"म्हणजे हा मशीनवाला आठ फूट चुकला," बाई म्हणाल्या.

"डुलकी लागली असेल."

"तुम्ही कुठे होता?"

"मी सकाळपासून ऑफिसात. फोन आला तसा धावत आलो." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "घरचाच मामला आहे हो. मशीनवाला मयताचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. आणि मशीनला इशारे द्यायला झेंडा घेऊन उभा असतो तो मयताचा बाप. बापाने स्वतः जबाब दिलाय की बूम दोरीच्या वर गेला. आता याहून काय पाहिजे?"

बाईंना याहून बरंच काही पाहिजे होतं. दोघं बोलत असताना त्यांचा हात एका बांबूवर होता, आणि बांबू हलत होता. त्यांनी तो धरून वर ओढला. वीतभर खड्ड्यातून तो मुळ्यासारखा सहज निघून आला.

"अहो, काय करताय?" इंजिनियर म्हणाला.

बाई खाली बसून बांबूचं बूड बघत होत्या. भोवतालची जमीन काळी होती, ओली आणि भुसभुशीत. इंजिनियरच्या मागच्या चरात वरचे तीनेक फूट हीच काळी माती दिसत होती आणि त्याखाली पिवळी, साबणासारखी चिकट. पिवळी माती या जागेवर वर कुठेच नव्हती. ती फक्त चराच्या तळातून निघत होती.

बांबू काळ्या मातीत उभा होता, आणि त्याच्या बुडाला हातभर पिवळी माती थापल्यासारखी चिकटली होती.

२

मशीनवाला कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण बसला असा होता की जागा अडवल्याची त्याला लाज वाटत असावी.

"मी दोरीच्या वर गेलो नाही," तो म्हणाला.

"मग तार लागली कशी?"

त्याने पाय जवळ ओढून घेतले.

"दोरी चौदा फुटांवर. तार बावीसवर. तू दोरीच्या खाली होतास तर मधल्या आठ फुटांतून वीज काय जिना उतरून आली?"

"माझ्या हातून झालं, बाई. लिहून टाका."

"दोरीच्या वर गेलो नाही असंही लिहू आणि माझ्या हातून झालं असंही लिहू? एक काहीतरी ठरव."

त्याने मान खाली घातली. बाईंनी माणसं खोटं बोलताना पाहिली होती आणि भीतीने वाचा गेलेलीही पाहिली होती. हा त्यातला नव्हता. याच्या तोंडाशी काहीतरी आलेलं होतं आणि तो ते दात घट्ट मिटून आत धरून बसला होता.

"त्या वेळचं सांग," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या.

"पाइप तळाला टेकला. ओझं उतरलं की बूम हलका होतो, दीड-दोन फूट वर उसळतो. रोजचंच आहे ते. तेवढ्यात उजेड झाला. तो पाइपाला धरून होता." तो थांबला. "म्हातारा झेंडा टाकून पळत आला. मी केबिनमधून बोंबललो, शिवू नका, जवळ येऊ नका. शिव्या दिल्या मी त्यांना. बहिणीच्या सासऱ्याला. ते थांबले. लाइन बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मी वर, ते खाली."

"बरोबर केलंस. शिवले असते तर तेही गेले असते."

"मला माहीत आहे ते. त्यांना कोण सांगणार?"

बाई उठता उठता त्याच्या खिशातल्या वहीकडे बघून थांबल्या. मशीनवाल्यांची वही. मशीन चालू केलं की तासांच्या घड्याळाचा आकडा लिहायचा, बंद केलं की पुन्हा लिहायचा. त्यांनी ती मागून घेतली. शेवटच्या ओळीत अक्षर वेडंवाकडं झालं होतं, तरी आकडा वाचता येत होता: चार हजार तीनशे बारा.

"हे कधी लिहिलंस?"

"खाली उतरण्याआधी." त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटलं असावं. "सवय आहे, बाई. त्यालाही अशाच सवयी होत्या. म्हणून तर फूटपट्टी म्हणायचो. काठी घेतल्याशिवाय एक पाइप बसवायचा नाही. दुपारच्या सुट्टीत धाकटीला, माझ्या बहिणीला, फोटो पाठवायचा, आज एवढे पाइप झाले म्हणून. बायकोला पाइपाचे फोटो पाठवणारा दुसरा माणूस दाखवा मला."

तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही.

"काय लपवतोयस?" बाईंनी विचारलं.

"धाकटीला जपा," तो म्हणाला, आणि त्यापुढे त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

३

झेंडेवाला साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत सापडला. मुलाला जाऊन दोन दिवस झाले होते आणि म्हातारा कामावर आला होता. काम बंद होतं. तरी झेंडा गुंडाळून मांडीवर ठेवून तो स्टुलावर बसला होता.

खोलीच्या भिंतीवर कामाचे नियम लावले होते. बाई ते वाचत उभ्या राहिल्या. पाचव्या ओळीत लिहिलं होतं: तारेजवळ कमान, उंची जमिनीपासून चौदा फूट. खाली इंजिनियरची सही. शेजारी लाइन बंद ठेवण्याच्या परवानगीचा कागद होता, गेल्या महिन्याच्या तारखेचा.

"बाबा, बूम दोरीच्या वर गेला म्हणून जबाब दिलात. किती वर गेला?"

"हातभर."

"तार दोरीच्या आठ फूट वर आहे."

म्हाताऱ्याने बोटांनी झेंड्याची काठी चाचपली. "मला नीट दिसत नाही आताशा. असेल जास्त."

"तुम्ही तारेकडे बघत होता की दोरीकडे?"

"तार मला दिसतच नाही, बाई. चिंध्या दिसतात. चिंध्यांकडेच बघायचं असं सांगितलंय."

"म्हणजे चिंध्यांच्या वर गेलेला बूम तुम्हाला दिसला. मग शिट्टी का नाही वाजवलीत?"

म्हाताऱ्याचा हात गळ्याशी गेला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. बाईंना स्वतःच्या प्रश्नाची थोडी शरम वाटली, पण तो परत घेता येण्यासारखा नव्हता. त्यांनी दुसरा विचारला.

"मुलाला दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही बरोबर गेला नाहीत."

"गाडीत जागा नव्हती."

बाईंनी गाडीवाल्याला सकाळीच विचारलं होतं. गाडीत मुलाशिवाय कुणी नव्हतं. बापाला चला म्हणून दोनदा हाक मारली आणि तो आला नाही, असं गाडीवाला सांगत होता. त्याला वाटलं, धक्का बसला असेल.

"झेंड्याचं काम कधीपासून करता?"

"चार वर्षं. डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हापासून." आणि मग, या खोलीत पहिल्यांदाच, त्याचा आवाज किंचित ताठ झाला. "त्याआधी मी मशीनवर होतो. तीस वर्षं. सुनेच्या भावाला मशीन मीच शिकवलं."

बाई बाहेर आल्या. मशीन मंगळवारी पाच वाजता पोलिसांनी दोरी बांधून बंद केलं होतं, चावी पोलिसांकडे. त्या चिखल तुडवत त्याच्यापाशी गेल्या, पायरीवर चढल्या आणि काचेतून तासांचं घड्याळ वाचलं. चार हजार तीनशे तेरा, आणि वर जवळजवळ अर्धा तास.

त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मशीनवाल्याने मरण झाल्यावर लिहिलेला आकडा बारा होता. तो उतरला आणि मशीन पुन्हा चालू झालं, जवळजवळ दीड तास. बाकी गडी घरी पाठवलेले, मशीनवाला साइटच्या ऑफिसात बसवून ठेवलेला. इंजिनियरला मशीनचा एक दांडाही कळत नव्हता.

मुलाला गाडीत घालून नेत होते, आणि बाप मशीन चालवत होता.

४

"आम्हाला कुणी कळवलंच नाही," वायरमन म्हणाला. वीज कंपनीच्या उपकेंद्रातल्या टेबलावर त्याने रजिस्टर उघडून बाईंपुढे सरकवलं. "त्या तुकड्यासाठी लाइन बंद करायचा अर्जच नाही. साइटच्या भिंतीवर लावलाय म्हणता तो मागच्या तुकड्याचा. तुम्ही बघितलात म्हणून, एरवी तारीख कोण वाचतो?"

"अर्ज केला असता तर?"

"चार तास बंद दिली असती. एवढंच ना. पण चार तास थांबायला यांच्या जिवावर येतं." वायरमन पन्नाशीचा, तिरसट माणूस होता आणि बाईंना तो लगेच आवडला. "आणि कमानीचं विचाराल तर हे लोक खालून मोजतात, तिथेच घोडं पेंड खातं. जमिनीपासून इतके फूट. अहो, जमीन खोदणारी माणसं तुम्ही, तुमची जमीन रोज बदलते. आज खड्डा, उद्या भराव. तार तिथल्या तिथे असते. अंतर तारेपासून खाली धरायचं असतं. पण तार मोजायला आमची काठी लागते, आम्हाला बोलवावं लागतं, आणि बोलावलं की आम्ही विचारणार, अर्ज कुठे आहे."

बाई बराच वेळ रजिस्टरकडे बघत राहिल्या. त्यांना आता वाचायचं काही नव्हतं.

"ती जागा पाणथळ आहे," त्या म्हणाल्या. "मशीन रुतत असेल."

"रुतणारच. आमची शिडीसुद्धा रुतते तिथे."

"मग रुतू नये म्हणून काय करतील?"

"चरातून निघालेली माती पसरतील आणि त्यावर मशीन चढवतील. सगळेच करतात." वायरमन बोलता बोलता थांबला. एवढा वेळ टेबलावर वाजत असलेली त्याची बोटं थांबली. "किती भराव केला होता?"

"काल मी गेले तेव्हा काहीच नव्हता," बाई म्हणाल्या.

५

फूटपट्टीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं होतं. दाराला लागून त्याचे कामाचे बूट तसेच होते. धाकटी, म्हणजे त्याची बायको, जमिनीवर बसून होती. रडून झालेलं होतं. सासरे साइटवर, भाऊ कोठडीत, आणि येणारी-जाणारी प्रत्येक शेजारीण तिला एकच सांगत होती की तुझ्या भावाने तुझा संसार उघड्यावर आणला.

बाईंनी उगाच सांत्वन केलं नाही. त्या तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"तुझा नवरा तुला कामाचे फोटो पाठवायचा असं ऐकलं."

"त्या दिवशी नाही आला," धाकटी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी कुठल्या दिवसाचं विचारलंच नव्हतं."

धाकटीचा हात पदराखाली गेला. फोन तिथे होता, आणि दोन दिवस तो तिने हातावेगळा केलेला नसावा.

"मी सांगते त्या फोटोत काय आहे," बाई म्हणाल्या. "मशीन रुतत होतं म्हणून मंगळवारी सकाळी तारेखाली पिवळ्या मातीचा भराव घातला. पाच-सहा फूट. कमान अर्धी गाडली गेली. मग बांबू उपटून भरावावर रोवले आणि दोरी पुन्हा मोजून बांधली. जमिनीपासून चौदा फूट, कागदात लिहिलंय तशी. फक्त ती जमीन सहा फूट वर आलेली होती. दोरी आणि तार यांच्यात आठ फूट होते, तिथे दोन राहिले. बूम दोरीच्या खालीच होता. पाइप टेकल्यावर तो उसळला आणि ते दोन फूट संपले. तुझा भाऊ खरं बोलतोय."

धाकटीने पदराखालचा फोन घट्ट धरला.

"आणि त्या साइटवर काठीने मोजून दोरी बांधणारा माणूस एकच होता," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शक्य तितकं हळू उच्चारलं, तरी व्हायचं ते झालंच.

"त्याच्या हातून एक पाइप कधी वाकडा बसला नाही," धाकटी म्हणाली. "चिडवायचे सगळे. मीसुद्धा. आणि आता लोक म्हणणार, स्वतःच चुकीचं मोजलं आणि मेला. मला नाही द्यायचा तो फोटो."

"तुझ्या दादाला माहीत आहे हे. तो भरावावरच मशीन चालवत होता. तो गप्प बसलाय तुझ्यासाठी. सासऱ्यांनी भराव उपसला तो मुलाचं नाव जाऊ नये म्हणून. आणि तू फोन पदराखाली घेऊन बसलीस. तिघं एकाच माणसाला झाकताय, आणि त्या पांघरुणात चौथाच माणूस उबदार झोपलाय."

"भावाला सोडवायचं तर नवऱ्याला द्यायचं. असंच ना?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "असंच," त्या म्हणाल्या. "उद्या दहा वाजता साइटवर सगळ्यांना बोलावलंय. फोन मी आता हिसकावून घेणार नाही."

६

दहा वाजता पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीने सगळे उभे होते. पोलिसांनी मशीनवाल्याला आणलं होतं. म्हातारा स्टुलावर, इंजिनियर दारापाशी, वायरमन खिडकीत. धाकटी आली नव्हती.

बाईंनी बांबू टेबलावर आडवा ठेवला. बुडाची पिवळी माती वाळून भेगाळली होती. त्यांनी वही ठेवली आणि मशीनच्या घड्याळाचा आकडा सांगितला. मग म्हाताऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाबा, भराव उपसायला कुणी सांगितलं?"

मशीनवाल्याने झटकन मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने झेंडा मांडीवर घेतला. मग झेंड्याच्या काठीशीच बोलल्यासारखं तो बोलू लागला. "साहेब म्हणाले, बाबा, कमान तुमच्या पोराने रोवली. पोलिस आले की हेच लिहितील, स्वतःच्या चुकीने मेला. आयुष्यभर मापात राहिलेला माणूस, मेल्यावर त्याची थट्टा होईल. भराव काढून टाका, बांबू खाली लावा, म्हणजे त्याच्यावर काही येणार नाही. पोराला गाडीत ठेवलं आणि मी मशीनवर चढलो. मला काही दिसत नव्हतं. हातांना येत होतं म्हणून झालं."

"आणि बूम दोरीच्या वर गेला हे?"

"कुणाच्या तरी हातून व्हायला पाहिजे ना ते." म्हाताऱ्याने मशीनवाल्याकडे पाहिलं नाही. "त्याने मला पोराला शिवू दिलं नाही. वीस मिनिटं. तेव्हा मला वाटलं, याच्याच हातून झालं म्हणावं."

मशीनवाला रडत होता. पण तोंडातून आवाज येऊ देत नव्हता.

इंजिनियरने घसा साफ केला. दोन दिवसांत तो चांगला तयार झाला होता. "बाई, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मी असं काही सांगितलेलं नाही. पण तुमचं सगळं खरं धरलं तरी शेवटी काय निघालं? भराव मशीनवाल्याने पसरला. कमान मयताने रोवली. माप मयताने घेतलं. मी ऑफिसात होतो. चूक त्याचीच झाली, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"चूक त्याची एकट्याची असती तर तुम्ही तो भराव सोन्यासारखा जपला असता," बाई म्हणाल्या. "पोलिसांना हाताला धरून दाखवला असता. दोष मेलेल्या माणसावर जातोय, याहून सोयीचं काय? पण तुम्ही तो पुसलात. कारण भराव दिसला की पुढचा प्रश्न येतो, भराव घालायला कुणी सांगितलं. त्याच्यापुढचा येतो, घातल्यावर तार पुन्हा का मोजून घेतली नाही. आणि मग येतो शेवटचा, लाइन बंद का नव्हती. त्याचं उत्तर या वायरमनच्या रजिस्टरात आहे. भिंतीवरचा कागद मागच्या तुकड्याचा आहे. फूटपट्टीने तुमच्या सहीचा कागद वाचला आणि इंचाचीही चूक न करता पाळला. कागदच चुकीचा होता."

"शब्दाला शब्द आहे हा," इंजिनियर म्हणाला. "एक आरोपी, एक आंधळा. मी तिथे नव्हतो."

तो खरं बोलत होता का, हा प्रश्नच नव्हता. तो सुटणार होता का, एवढाच प्रश्न होता, आणि बाईंच्या हातात बांबू, वही आणि रजिस्टर यापलीकडे काही नव्हतं. कोर्टात हा माणूस हेच तोंड घेऊन उभा राहील आणि मशीनवाल्याची जन्माची वाट लागेल, हे त्यांना दिसत होतं.

दारातले लोक बाजूला झाले. धाकटी आत आली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं नाही. पदराखालून फोन काढून तिने तो टेबलावर ठेवला.

फोटो मंगळवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी आलेला होता. पिवळ्या मातीच्या ढिगावर फूटपट्टी उभा होता, हातात काठी, नवा शर्ट घातलेल्या मुलासारखा चेहरा. खाली त्याने लिहिलं होतं: आज साहेबांनापण कामाला लावलं. पलीकडचा बांबू दोन्ही हातांनी धरून कुणीतरी उभं होतं, डोक्यावर स्वच्छ पांढरं हेल्मेट. ऊन लागू नये म्हणून इंजिनियरने डोळे बारीक केले होते, आणि तार त्याच्या डोक्यावरून सरळ जात होती.

वायरमन खिडकीतून खाली थुंकला.

७

महिन्याभराने अहवाल वरपर्यंत जाऊन आला. इंजिनियरवर खटला उभा राहिला, तो जामिनावर घरी होता. म्हाताऱ्याला खोट्या जबाबाबद्दल समज देऊन सोडलं. मशीनवाल्यावरचा आरोप मागे घेतला गेला. बाईंनी अठ्ठावीस पानं लिहिली होती, आणि त्यातल्या सत्तावीस पानांत अर्ज, परवानगी, भराव आणि तारेपासूनचं अंतर होतं. वर्तमानपत्राने अठ्ठाविसावं उचललं. बातमी चार ओळींची होती: कमान चुकीच्या उंचीवर लावल्याने कामगाराचा मृत्यू, कमान मयतानेच लावल्याचं चौकशीत उघड.

बाई फोन परत द्यायला गेल्या तेव्हा जिन्यातच मशीनवाला भेटला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. आठ दिवसांपूर्वी सुटला होता आणि आज पहिल्यांदा बहिणीकडे निघाला होता. दोघं बरोबरच वर गेले.

धाकटीने दार उघडलं. बाईंच्या हातून फोन घेतला, न बघता कनवटीला खोचला. भावाला तिने आत ये म्हटलं नाही. आतून पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्यातच त्याच्या हातात दिला. तो उभ्यानेच प्यायला.

"दादा, तू सुटलास ते चांगलं झालं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "खाली मुलं त्याला चिडवतात. फूटपट्टी चुकली म्हणून. मेलेल्या माणसाला. मामंजी आता खाली उतरत नाहीत."

"धाकटे, मी तर एक शब्द बोललो नव्हतो."

"मला माहीत आहे. मी दिला फोटो. दोघांपैकी एकच राहणार होतं माझ्याकडे, आणि तू जिवंत होतास. पण आता तू समोर आलास की मला तेच दिसतं, मी त्याला कशासाठी देऊन टाकलं ते. राग नाही रे तुझा. पण येत जाऊ नकोस."

तिने तांब्या परत घेतला आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

मशीनवाला बंद दाराकडे बघत उभा राहिला. मग वळून त्याने बाईंना विचारलं, आणि त्यात राग नव्हता, त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं. "मी आत बसायला तयार होतो, बाई. मी गप्प होतो, म्हातारा गप्प होता, ही गप्प होती. आमचं तिघांचं ठरल्यासारखं झालं होतं. तुम्हाला काय पडलं होतं?"

बाईंकडे याचं उत्तर होतं. पुढच्या साइटवर, पुढच्या तारेखाली कुणीतरी असाच पाइप धरून उभा असेल, हे ते उत्तर होतं, आणि ते अगदी खरं होतं. पण ते त्या दाराबाहेर, त्या माणसाला सांगायची त्यांची जीभ रेटेना. त्या कठड्याला धरून जिना उतरू लागल्या, आणि तो त्यांच्या मागून, दोन पायऱ्या सोडून, उतरत राहिला.